पोलाक, पोलिश, पोल : नाव कोणाचे, भाषा कोणाची?

गेल्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी वळिवड्याच्या छावणीविषयीचा एक इंग्रजी उतारा वाचायला दिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून पुढे चार-पाच वर्षे, कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ साली पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केलेली आणि तिथून सुटल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली ही माणसे. आपल्या मुलखाचा आणि पोलंडचा जो थोडाफार खरा संबंध आहे, तो हा.

उतारा वाचायला एक मुलगा उभा राहिला. इंग्रजी पुस्तक हातात धरणारा त्याच्या घराण्यातला तो पहिलाच. पहिल्याच ओळीत तो अडखळला आणि 'पोलिश'ऐवजी 'पॉलिश' म्हणाला. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'बूट पॉलिश' असे पुटपुटले, तेव्हा हसणे वाढले. त्या मुलाचा मामा एस. टी. स्टँडवर पेटी घेऊन बसतो, हे वर्गाला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते.

मी वर्गाला गप्प केले. पण गप्प करणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. तास संपल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. हसण्याविषयी तो एक शब्दही बोलला नाही. त्याने विचारले, “सर, यात या लोकांना कुठं 'पोल' म्हटलंय, कुठं 'पोलिश' म्हटलंय. ते स्वतःला काय म्हणतात?”

ते स्वतःला 'पोलाक' म्हणतात, एवढे मला सांगता आले. आणि इंग्रजीत नेमका हाच शब्द शिवी आहे, हेही कुठेतरी वाचल्याचे आठवत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? ज्या शब्दाने माणूस अभिमानाने स्वतःची ओळख सांगतो, तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडून शिवी कसा होतो? त्या मुलाच्या प्रश्नामुळे जे वाचावे लागले, ते येथे मांडतो आहे.

प्रथम घरचे शब्द पाहू. पोलिश भाषेत देशाचे नाव 'पोल्स्का'. हे मुळात नाम नाही, स्त्रीलिंगी विशेषण आहे. त्याचा अर्थ पोल्यान लोकांची भूमी. पोल्यान हे एका जुन्या टोळीचे नाव, आणि ते 'पोले' म्हणजे शेत, मोकळे रान या शब्दावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या देशाचा पुरुष तो 'पोलाक', स्त्री ती 'पोल्का', आणि अनेक असतील तर 'पोलात्सी'. भाषेसाठी मात्र यांपैकी एकही शब्द चालत नाही. भाषा ती 'येंझिक पोल्स्की'. 'येंझिक' म्हणजे तोंडातली जीभ आणि 'येंझिक' म्हणजेच भाषा. भाषेला आणखी एक नाव आहे, 'पोल्श्चिझ्ना'. परदेशी जाऊन वसलेल्या पोलिश समाजाला म्हणतात 'पोलोन्या'. हे पोलंडचे जुने लॅटिन नाव.

लिहिण्यातही भेद आहे. पोलिश शुद्धलेखनात माणसाचे नाव 'पोलाक' कॅपिटल अक्षराने सुरू होते, पण 'पोल्स्की' हे विशेषण लहान अक्षराने. इंग्रजीत दोन्हींना कॅपिटल अक्षर लागते. तिथे माणसासाठी नाम 'पोल', आणि विशेषण व भाषा या दोहोंसाठी 'पोलिश'. हे 'पोलिश' लहान अक्षराने लिहिले की त्याचे 'पॉलिश' होते. स्पेलिंग तेच, अक्षरे तीच. चकाकीचा 'पॉलिश' लॅटिनमधून आला, त्याचा पोलंडशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे आमच्या मुलाने जे वाचले, ते अक्षरांच्या हिशेबाने चूक नव्हते. फरक फक्त पहिल्या अक्षराच्या आकारात होता, आणि आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर नसल्याने त्या आकाराला अर्थ असतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते. ते मी सांगायला हवे होते.

मराठीत आपण सगळीकडे 'पोलिश' म्हणून मोकळे होतो : पोलिश माणूस, पोलिश भाषा, पोलिश सिनेमा. त्यामुळे माणसाचे नाव आणि भाषेचे नाव यांत अंतर असू शकते, हे आपल्या ध्यानात येत नाही. पोलंडच्या इतिहासात मात्र या अंतरात माणसांची कित्येक शतके गेली आहेत.

सोळाव्या ते अठराव्या शतकांत पोलंड-लिथुआनियाचे संयुक्त राज्य हे युरोपातील मोठ्या राज्यांपैकी एक होते. राजा निवडून येई. निवडण्याचा हक्क 'श्लाख्ता' या सरदार-जमीनदार वर्गाचा. हा वर्ग लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी होता. राष्ट्राला पोलिशमध्ये 'नारूद' म्हणतात. पण त्या काळी राजकारणाच्या भाषेत 'नारूद' म्हणजे श्लाख्ताच. शेतात राबणारा बहुसंख्य माणूस घरी-दारी पोलिशच बोलत होता, पण तो या राष्ट्रात जमेस धरलेला नव्हता. त्याचे नाव वेगळे होते, 'ख्वॉप'. आज या शब्दाचा अर्थ शेतकरी, आणि बोलण्यात नुसता गडी, पुरुष असाही होतो. रशियन भाषेतला 'खोलोप' म्हणजे बांधलेला दास. तो याच शब्दाचा भाऊ.

ख्वॉपाला धन्याच्या शेतावर फुकट राबावे लागे. १५२० च्या कायद्याने आठवड्यातला किमान एक दिवस ठरवून दिला. पुढे दिवस वाढतच गेले. धन्याच्या परवानगीवाचून त्याला गाव सोडता येत नसे. धनी म्हणजे 'पान', आणि त्याच्यासाठी करायच्या या वेठीचे नाव 'पान्श्चिझ्ना'. वाचकांच्या लक्षात येईल की 'पोल्श्चिझ्ना' आणि 'पान्श्चिझ्ना' यांच्या शेवटी एकच प्रत्यय आहे. व्याकरणाने दोघांना एका दावणीला बांधले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण बहुसंख्यांच्या वाट्याला पोलिश भाषा आणि वेठ या दोन्ही गोष्टी एकाच घरात जन्मल्यामुळे आल्या, हेही खरेच आहे.

एकच भाषा, एकच धर्म, एकच गाव. मग धनी आणि ख्वॉप वेगळे कशाने? याचे उत्तर वंशाच्या कथेने दिले. श्लाख्ता स्वतःला सार्माती नावाच्या प्राचीन योद्ध्यांचे वंशज म्हणवू लागली. आणि शेतकरी? तो बायबलमधल्या नोहाचा जो मुलगा हाम, ज्याच्या वंशाला शाप मिळाला, त्याच्या कुळातला. हामचा पोलिश उच्चार 'खाम'. म्हणजे शेतकरी गरीब आहे तो धन्याने लुबाडले म्हणून नव्हे, तर जन्माने शापित आहे म्हणून. कोण मुखातून निघाला आणि कोण पायातून, हे ऐकत वाढलेल्या वाचकाला या कथेचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. आजच्या पोलिशमध्ये 'खाम' म्हणजे रांगडा, असंस्कृत माणूस. कथा विसरली गेली, शिवी राहिली.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात वालेरियन नेकांडा त्रेप्का नावाच्या एका सरदाराने एक यादी तयार केली. ती 'लिबेर खामोरुम', म्हणजे खामांचे पुस्तक, या नावाने ओळखली जाते. ज्यांनी आपले कुळ लपवून श्लाख्तात शिरकाव केला असा त्याला संशय होता, अशा सुमारे अडीच हजार घराण्यांची ही नोंद. शिरकावाची एक वाट आडनावातून जाई. पोलिश आडनावाच्या शेवटी येणारा 'स्की' हा आपल्या 'कर'सारखा गावाच्या नावाला लागतो. मुळात तो गाव ज्याच्या मालकीचे त्याची खूण होता. गावात राबणाऱ्याने 'स्की' लावला तर मालकाला ते अतिक्रमण वाटे. आज हा प्रत्यय लाखो साध्या माणसांच्या नावात आहे, आणि त्याचे कुणालाच काही वाटत नाही.

आता पुढचा भाग. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन टप्प्यांत पोलंड वाटून घेतला. देश नकाशावरून गेला. तेवढ्यावर भागले नाही. १७९७ साली या तिघांनी गुप्त कलमाने ठरवले की पोलंडच्या राज्याची आठवण करून देणारे ते नावच यापुढे आपल्या बिरुदांत वापरायचे नाही. रशियाच्या वाट्याच्या मुलखात १८६३ चा उठाव मोडल्यावर सरकारी कागदांत त्या भागाला 'विस्तुलाकाठचा मुलूख' म्हणू लागले. भूमी घेतली तरी लोक उरतात, आणि नाव उरले तर लोक पुन्हा उभे राहतात, हे सत्ताधाऱ्यांना नेहमीच नीट कळते.

पण ज्या नावासाठी श्लाख्ता रडत होती, ते नाव शेतकऱ्याचे होते काय? १८४६ सालची गोष्ट पाहा. ऑस्ट्रियाच्या वाट्याच्या गॅलिशिया प्रांतात पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी जमीनदारांनी उठावाची तयारी केली. शेतकरी त्यांच्यामागे गेले नाहीत. ते त्यांच्यावरच तुटून पडले. याकुब शेला हे त्यांच्या पुढाऱ्यांतले गाजलेले नाव. सुमारे एक हजार माणसे मारली गेली, शेकडो वाडे लुटले गेले. ऑस्ट्रियन सत्तेने या रोषाचा फायदा उठवला, हे खरे; पण रोष तिने निर्माण केला नव्हता. त्या शेतकऱ्यांच्या तोंडी 'पोलाक' म्हणजे वाड्यातला धनी. स्वतःला ते बादशहाची माणसे म्हणत, किंवा 'इथलेच' म्हणत.

यान स्वॉम्का हा १८४२ साली गॅलिशियात जन्मलेला शेतकरी पुढे आपल्या गावाचा अनेक वर्षे मुखिया होता. त्याने लिहिलेल्या आठवणी १९१२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यात तो सांगतो की त्याच्या भागातली जुनी शेतकरी माणसे स्वतःला माझूर म्हणत आणि आपल्या बोलीलाही माझुरी म्हणत. राष्ट्र वगैरेशी त्यांना कर्तव्य नव्हते. आणि पुढे तो कबूल करतो की आपण पोलाक आहोत हे त्याला स्वतःलाही पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचू लागल्यावरच कळले. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. माणूस जन्मभर पोलिश बोलतो, पण पोलाक आहोत हे त्याला शाळेच्या अक्षरातून समजते. भाषा त्याची आधीपासून होती. नाव त्याला नंतर मिळाले.

आणखी एक गोष्ट पोलिश इतिहासकारांना फार काळ बोचत राहिली आहे. १७९१ ची संविधाने गाजलेली. युरोपातली ती पहिली आधुनिक राज्यघटना म्हणून तिचा गौरव होतो. पण तिने शेतकऱ्याला फक्त 'कायद्याचे संरक्षण' दिले, वेठ ठेवलीच. वेठबिगारी गेली ती परक्या सत्तांच्या हुकमाने : प्रशियात १८०७ पासून टप्प्याटप्प्याने, ऑस्ट्रियात १८४८ साली, रशियाच्या मुलखात १८६४ साली. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या 'राष्ट्रा'ने जे दिले नाही ते परक्या बादशहाने दिले, तर शेतकऱ्याने कोणाला आपले म्हणायचे?

'पोलाक' या शब्दाची कवाडे उघडली ती भाषेच्या लढ्याने. १९०१ साली प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या गावी शाळेत धर्माचा पाठ जर्मनमधून घ्यायचा हुकूम झाला. मुलांनी जर्मनमध्ये उत्तरे द्यायला नकार दिला. मास्तरांनी त्यांना छड्यांनी झोडपले. जाब विचारायला आलेल्या आयाबापांना तुरुंगात घातले. पुढे १९०६-०७ साली हा शाळासंप त्या प्रांतात हजारो मुलांपर्यंत पसरला. ही मुले कोणाची होती? कामकऱ्यांची, कारागिरांची, शेतकऱ्यांची. त्यांच्या पणजोबांना श्लाख्ताने राष्ट्रात घेतले नव्हते. आता ज्याची जीभ पोलिश तो पोलाक, असा नवा अर्थ पक्का होऊ लागला. हा अर्थ कोणी दान दिलेला नाही. मुलांच्या हातांवरच्या वळांनी तो मिळवला आहे.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण भाषेने जे दार उघडले, त्याच दाराने पुढे काही जणांना बाहेर ठेवले. १९१८ साली पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. १९३१ च्या जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलेच नाही. मातृभाषा आणि धर्म विचारला. पूर्वेकडच्या पोलेसिया या दलदलीच्या प्रांतात सुमारे सात लाख लोकांची भाषा 'तुतेय्शी' म्हणून नोंदली गेली. 'तुतेय्शी' म्हणजे इथली. तुमची भाषा कोणती? इथली. अधिकाऱ्याच्या रकान्यांत आपण बसत नाही, हे सांगण्याची ही गरिबांची पद्धत असेल, किंवा त्यांना वेगळ्या नावाने मोजायचे नसल्याने अधिकाऱ्यांना हेच सोयीचे असेल. दोन्ही शक्य आहे.

ज्यूंचे काय? महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये तीस लाखांहून अधिक ज्यू होते, म्हणजे साधारण दर दहा माणसांमागे एक. अनेकांची भाषा यिद्दिश, अनेकांची पोलिश. पण जो कॅथलिक तोच पोलाक, ही समजूत इतकी रुजली होती की उत्तम पोलिश लिहिणाऱ्या ज्यूलाही 'पोलाक' म्हणताना लोक अडखळत. 'पोलिश ज्यू' म्हणत. विशेषण देत, नाम देत नसत. यूल्यान तूव्हिम हा पोलिश भाषेचा थोर कवी ज्यू घरात जन्मला होता. नाझी संहार चालू असताना १९४४ साली त्याने 'आम्ही, पोलिश ज्यू' हा लेख लिहिला. आपण पोलाक आहोत आणि ज्यूही आहोत, हे दोन्ही एकदम म्हणण्याचा हक्क त्यात त्याने मागितला. विशेषणाच्या ओसरीवरून नामाच्या माजघरात येऊ न देणे हे शब्दांचे राजकारण आहे. ते व्याकरणात दिसत नाही, वागण्यात दिसते.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. उत्तरेकडच्या काशुब लोकांच्या भाषेला २००५ च्या कायद्याने प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता मिळाली. दक्षिणेकडच्या सायलेशियात २०११ च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकांनी आपण सायलेशियन आहोत असे नोंदवले. काहींनी पोलिशच्या जोडीला, काहींनी पोलिशऐवजी. त्यांच्या बोलण्याला स्वतंत्र भाषा मानणारे विधेयक २०२४ साली संसदेने मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. बोली कोणती आणि भाषा कोणती, हे केवळ शब्दकोश ठरवत नाही.

आता बाहेरच्यांनी दिलेली नावे पाहू. परक्याला नाव देताना बहुतेक समाज त्याच्या भाषेवरच घाव घालतात. पोलिशमध्ये जर्मन माणसाला 'न्येम्येत्स' म्हणतात, आणि तो 'न्येमी' म्हणजे मुका या शब्दावरून आला. जो आपल्यासारखे बोलत नाही तो मुकाच. संस्कृतातला 'म्लेंच्छ' असाच, अस्पष्ट बोलणारा. पोलंडच्या पूर्वेचे शेजारी पोलाकाला 'ल्याख' म्हणत. एका जुन्या टोळीच्या नावावरून आलेला हा शब्द. हंगेरियन भाषेतला 'लेंग्येल' आणि तुर्कांचे 'लेहिस्तान' ही त्याचीच भावंडे, आणि त्यांत काही वाईट नाही. पण युक्रेनमध्ये जमिनी पोलिश सरदारांच्या आणि राबणारे युक्रेनियन, म्हणून तिथे 'ल्याख' या शब्दात धन्याविषयीचा सारा संताप साठला. एकच शब्द, एका गावी साधा, दुसऱ्या गावी विखारी.

'पोलाक'चेही असेच झाले. शेक्सपिअरच्या काळात इंग्रजीत हा शब्द साधा होता. 'हॅम्लेट'मध्ये तो कोणतीही शिवी नसताना येतो. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिश शेतकरी भाकरीसाठी लाखोंनी अमेरिकेत गेले. पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणी, शिकागोचे कत्तलखाने, पोलादाच्या भट्ट्या. जे काम दुसरे कुणी करीना ते त्यांच्या वाट्याला आले. १८९७ साली पेनसिल्व्हेनियातील लॅटिमर येथे निःशस्त्र संपकरी खाणकामगारांवर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. एकोणीस जण मेले, ते पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन होते. या खाणींत आणि कत्तलखान्यांत 'पोलॅक' हा शब्द शिवी झाला. अक्षरे बदलली नाहीत, उच्चार फारसा बदलला नाही. ज्याला तो शब्द लावला त्याच्या हातातले काम बदलले.

हे पटत नसेल तर दुसरीकडे पाहा. स्वीडिश भाषेत 'पोलाक' हाच रोजचा शब्द आहे, इटालियनमध्ये 'पोलाक्को' साधा आहे. पोर्तुगालमध्ये 'पोलाको' चालतो. पण त्याच पोर्तुगीज भाषेच्या ब्राझीलमध्ये, जिथे पोलिश शेतकरी आले, तिथे तो अपमानाचा झाला आणि सभ्य शब्द म्हणून 'पोलोनेस' पुढे आला. जर्मनमध्ये 'पोले' हे नाव, आणि 'पोलाके' ही शिवी. याच जर्मनीत नाझी राजवटीने ८ मार्च १९४० रोजी हुकूम काढले. वेठीसाठी आणलेल्या प्रत्येक पोलिश मजुराने छातीवर पिवळ्या कापडावर जांभळे 'पी' हे अक्षर शिवून घ्यायचे. त्याने जर्मनांबरोबर देवळात जायचे नाही, त्यांच्या करमणुकीच्या जागी फिरकायचे नाही. जर्मन स्त्रीशी संबंध आल्यास फाशी. अख्ख्या लोकांचे नाव एका अक्षरावर आले आणि ते कपड्यावर शिवले गेले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी गळ्यात मडके बांधले, त्यांना या अक्षराचे वजन कळेल.

विशेषणही निरागस नसते. २०१२ साली पोलिश प्रतिकाराचा दूत यान कार्स्की याला मरणोत्तर सन्मान देताना अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा 'पोलिश मृत्युछावणी' असे बोलून गेले. पोलंडमध्ये संताप उसळला, आणि ओबामांना खेद व्यक्त करावा लागला. त्या छावण्या नाझी जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमध्ये उभारल्या होत्या. 'पोलिश' म्हणजे पोलंडमधली की पोलिश लोकांची? विशेषण दोन्ही सांगते, म्हणून खोटे बोलते. हा संताप योग्यच होता. पण २०१८ साली पोलिश सरकारने पोलिश राष्ट्रावर नाझी गुन्ह्यांचा दोष ठेवणाऱ्याला तुरुंगात घालणारा कायदा केला, आणि जगभर टीका झाल्यावर त्याच वर्षी तुरुंगाची तरतूद काढून टाकली. कारण येद्वाब्ने या गावी १९४१ साली पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळले होते, हेही घडलेले आहे. आपल्या नावाची बदनामी थांबवणे वेगळे आणि नावाच्या आड आपला गुन्हा लपवणे वेगळे.

छळ सोसलेला समाज दुसऱ्याला नाव देताना आपोआप शहाणा होतो, असेही नाही. 'झिद' हा ज्यूसाठीचा शब्द पोलिशमध्ये प्रमाण आहे. रशियनमध्ये तोच शब्द घाणेरडी शिवी आहे. काळ्या माणसासाठी पोलिशमध्ये 'मुझिन' हा जुना शब्द. २०२० साली पोलंडमधल्या काळ्या तरुणींनी 'मला मुझिन म्हणू नका' असे जाहीरपणे सांगितले. अनेकांनी उत्तर दिले, आमच्या मनात वाईट काही नाही, शब्द साधाच आहे. शिकागोतल्या फोरमननेही बहुधा हेच सांगितले असते. पोलिश भाषा परिषदेने मात्र पुढे तो शब्द टाळण्याचा सल्ला दिला. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे यावर शब्दाचा निकाल लागत नाही. ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय आले आहे यावर लागतो. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत कायद्यात 'हरिजन' हा शब्द घालायचे ठरले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. तेव्हाही शब्द देणाऱ्यांचे म्हणणे हेच होते की शब्द तर चांगला आहे.

आपल्या घरातही माणसाचे नाव आणि भाषेचे नाव यांत असेच अंतर आहे. १८८१ साली पुण्यात निघालेल्या इंग्रजी पत्राचे नाव 'मराठा' होते. ते मराठी बोलणाऱ्या साऱ्यांच्या वतीने बोलत असल्याचा त्यात दावा होता. आज 'मराठा' म्हटले की जात समजते, 'मराठी' म्हटले की भाषा. भाषा सगळ्यांची म्हणायची आणि शुद्ध कुणाची हे मूठभरांनी ठरवायचे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तरीही शब्द हलतात, हे पोलंडकडून शिकावे. 'पान' म्हणजे एकेकाळी वेठ घेणारा धनी. आज पोलिशमध्ये कोणत्याही अनोळखी पुरुषाशी आदराने बोलायचे तर 'पान' म्हणतात, स्त्रीला 'पानी'. भाजीवालीलाही 'पानी', झाडूवाल्यालाही 'पान'. युद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीने हा सरंजामी शब्द काढून 'नागरिक', 'कॉम्रेड' रुजवायचा प्रयत्न केला. लोकांनी तो फारसा मानला नाही. धन्याचा शब्द टाकून देण्याऐवजी त्यांनी तो सर्वांना वाटून टाकला. आणि ज्या शब्दाला लाजत त्याकडेही आता अभ्यासक वळले आहेत. आदाम लेश्चिन्स्की यांचा 'पोलंडचा लोकेतिहास' २०२० साली आला, तर कात्स्पेर पोब्वोत्स्की यांनी २०२१ साली वेठबिगारीवरच्या आपल्या पुस्तकाला 'खाम' याच शब्दावरून नाव दिले. आपण बहुतेक जण सार्मातींचे नव्हे, ख्वॉपांचे वंशज आहोत, असे तिथले लोक आता मोठ्याने म्हणू लागले आहेत.

शिक्षक म्हणून मला यातून एक साधी सवय लावून घ्यावीशी वाटते. कोणत्याही लोकांचे नाव वर्गात आले की दोन प्रश्न विचारायचे. हे नाव कोणी कोणाला दिले? आणि ते लोक स्वतःला काय म्हणतात? पहिल्या प्रश्नातून सत्ता कळते, दुसऱ्यातून माणूस. त्या मुलाने दुसरा प्रश्न आधीच विचारला होता.

पुढच्या आठवड्यात मी तोच उतारा पुन्हा काढला आणि लहान अक्षर, मोठे अक्षर फळ्यावर लिहून दाखवले. मग त्याला वाचायला उभे केले. 'पोलिश' त्याने नीट वाचले. मागच्या बाकाकडे न पाहता त्याने पुढची ओळ वाचायला घेतली.